लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हांला एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहून आणायला सांगितलं. वर्गातल्या पुष्कळ मुलांनी लोकमान्य टिळक घेतले, मुलींनी सावित्रीबाई फुले घेतल्या. मला दोन दिवस काही सुचलंच नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यामागं कोंबडी हाकायला गेलो, तर ती सरपणाच्या ढिगाशेजारी पडलेल्या लोखंडी नांगरावर जाऊन बसली. तो नांगर मी जन्मल्यापासून तिथंच पडलेला आहे. त्या दिवशी सहज म्हणून मी वीट घेऊन त्याचा गंज घासला, तर खालून उठावाची अक्षरं निघाली. आज्जाला विचारलं. आज्जा म्हणाला की हा किर्लोस्करांचा नांगर, माझ्या वडलांनी घेतला होता आणि ट्रॅक्टर येईपर्यंत आपलं रान ह्यानंच नांगरलं. मग मी बाईंकडून पुस्तकं घेतली, आज्जाकडून ऐकलं आणि हे चरित्र लिहिलं.

हा माणूस निवडायला आणखी एक कारण आहे, तेही सांगतो. मला वस्तू खोलून बघायचा नाद आहे. मागच्या उन्हाळ्यात मी घरातला बंद पडलेला पंखा खोलला. परत जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले आणि पंखा काही फिरला नाही. तात्यांनी चांगलं झापलं. या असल्या उचापती करून पोट भरत नाही, अभ्यास कर, असं ते म्हणाले. आज तात्यापण शाळेत आलेले आहेत. त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

बालपण

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्या वेळी हा भाग मुंबई इलाख्यात होता, आता तो कर्नाटक राज्यात आहे. महात्मा गांधींचा जन्मसुद्धा त्याच वर्षी झाला.

त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे जाणकार होते. घरात पोथ्यापुराणं, चर्चा, विद्वान माणसांची ये-जा. अशा घरातल्या मुलानं विद्वान व्हावं असं सगळ्यांनाच वाटणार. पण लक्ष्मणाचं मन शाळेच्या पुस्तकात रमत नसे. त्याला दोन गोष्टींचा नाद होता, एक चित्रं काढायची आणि दुसरा, कुठलंही यंत्र दिसलं की ते कसं चालतं ते बघायचं.

त्या काळी अशा नादाला कोण विचारतो! चित्रं काढून पोट भरतं असं कुणाला वाटत नव्हतं. पण लक्ष्मणाचे मोठे भाऊ रामूअण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. मित्रांनो, पुढं जे जे झालं त्यात हे भाऊ शेवटपर्यंत बरोबर होते. म्हणून रामूअण्णांचं नाव लक्षात ठेवा.

रंग दिसेनात

मुंबईत दोन वर्षं चित्रकलेचा अभ्यास झाला आणि मग एक वाईट गोष्ट कळली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. डोळ्यांत हा दोष जन्मापासूनच असतो. अशा माणसाला सगळं स्वच्छ दिसतं, पण ठरावीक रंगांतला फरक कळत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच कळू नयेत म्हणजे पोहायला निघावं आणि नदीच आटावी, तसं झालं.

दुसरा कुणी असता तर रडत गावी परत आला असता. लक्ष्मणरावांनी तसं केलं नाही. रंग दिसत नाहीत, पण रेघ तर दिसते ना! त्यांनी रंग सोडून दिले आणि यंत्रांची चित्रं काढण्याकडे लक्ष वळवलं.

यंत्राचं चित्र म्हणजे काय ते बाईंनी मला समजावून सांगितलं. समजा, बैलगाडीचा आस काढायचा आहे. तर तो समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो आणि बाजूनं कसा दिसतो, अशी तीन चित्रं काढायची. प्रत्येक रेघेला माप लिहायचं. असं चित्र नीट काढलं की ज्यानं तो आस कधी पाहिला नाही अशा लांबच्या लोहारालाही तो हुबेहूब करता येतो. त्यात रंग लागतच नाही. माप मात्र चुकून चालत नाही.

हे काम त्यांना इतकं छान जमलं की मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या शाळेत ते हाच विषय शिकवायला शिक्षक म्हणून लागले. तिथं मोठी कर्मशाळा होती. शिकवून झालं की लक्ष्मणराव तिथं थांबायचे. स्वतःच्या हातानं यंत्रं चालवायचे, खोलायचे, परत जोडायचे. त्यांनी इंजिनिअरची कुठलीही परीक्षा दिलेली नव्हती. ते यंत्रविद्या शिकले ते अशी, नोकरीच्या वेळेनंतर, आपल्या हौसेनं.

सायकलीचं दुकान

त्या काळात आपल्याकडे सायकल नवीनच होती. मुंबईच्या रस्त्यावर कुणी सायकलवरून गेला की लोक थांबून बघत. लक्ष्मणरावांनाही तिचं वेड लागलं. पण नुसती बसून फिरवण्यापेक्षा ती विकता येईल, दुरुस्त करता येईल, असं त्यांच्या मनात आलं. ते मुंबईहून सायकली पाठवू लागले आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकू लागले. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात दुकान काढलं. त्याचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स, म्हणजे किर्लोस्कर बंधू. आजही त्या नावाची मोठी कंपनी आहे. तिची सुरुवात एका सायकलच्या दुकानातून झाली, हे वाचून मला तर फार नवल वाटलं. आमच्या स्टँडवरच्या पंक्चरवाल्या काकांकडे मी आता निराळ्या नजरेनं बघतो.

इकडे मुंबईत लक्ष्मणराव शिकवतच होते. पुढं शाळेत बढतीची वेळ आली. काम त्यांचं चांगलं होतं, पण ती जागा त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. इंग्रजांचं राज्य होतं, असं तेव्हा चालायचं. लक्ष्मणरावांना ते सहन झालं नाही. १८९७ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे आले. महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा पगार बंद झाला. घरी पत्नी राधाबाई, संसार. आता आपल्या हुन्नरावरच जगायचं होतं.

कडबा कापण्याचं यंत्र

सायकली विकणं म्हणजे दुसऱ्यानं केलेली वस्तू विकणं. लक्ष्मणरावांना स्वतः काहीतरी करून विकायचं होतं. करायचं काय? सायकल घेणारे शहरात मूठभर लोक. पण आपल्या देशात सगळ्यांत जास्त कोण? तर शेतकरी. शेतकऱ्याच्या उपयोगाचं यंत्र केलं तर गिऱ्हाईक घरोघर आहे.

म्हणून त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी कडबाकुट्टी आहे. जनावरापुढं अख्खी पेंढी टाकली तर ते पाला खातं आणि बुडखा पायाखाली तुडवतं. बारीक कुट्टी करून घातली की सगळं खातं, वैरण वाया जात नाही. दुष्काळात तर ह्याची किंमत फार. चाकाला पाती लावून ते हातानं फिरवायचं आणि कडबा पुढं सारायचा, अशी त्याची साधी रीत. लक्ष्मणरावांनी हे यंत्र आपल्या छोट्या कारखान्यात तयार करून विकायला काढलं.

नांगर कुणी घेईना

त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला.

त्याआधी आपल्याकडे सगळे लाकडी नांगर वापरत. लाकडी नांगराला खाली फक्त लोखंडी फाळ असतो. तो जमीन चिरत जातो, पण माती उलटी करत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागं एक बाकदार पत्रा असतो. फाळानं उचललेली माती त्या पत्र्यावरून घसरत वर येते आणि बाजूला पालथी पडते. त्यामुळं खालची माती वर येते, तिला ऊन लागतं आणि हराळी-कुंद्यासारखं तण मुळासकट उपटून वर पडतं. नांगरट खोल होते म्हणून पावसाचं पाणी जास्त मुरतं. आमच्या गोठ्यामागच्या नांगराला तो बाकदार पत्रा अजून आहे. आतून तो हात लावला तर गुळगुळीत लागतो. आज्जा म्हणाला की ते मातीनं घासून घासून झालंय.

एवढा चांगला नांगर, मग लोकांनी उड्या टाकल्या असतील? नाही! दोन वर्षं नांगराला गिऱ्हाईकच मिळेना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, रान नापीक होतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर दुकानात पडून राहिले.

हे वाचून मी आधी हसलो. शेतकरी किती अडाणी होते असं मी आज्जाला म्हणालो. आज्जाला ते आवडलं नाही. त्यानं मला समोर बसवून समजावलं. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा. त्याला रोख पैसे द्यावे लागत नव्हते, सुगीला बलुतं म्हणून धान्य घातलं की झालं. लोखंडी नांगराला रोकडा पैसा लागायचा आणि शेतकऱ्याकडे तोच नसायचा. शिवाय तो जड. त्याला जास्त बैल जुंपावे लागायचे. आणि समजा, खरंच रान बिघडलं तर? कारखानदाराचा एक नांगर वाया जाईल, पण शेतकऱ्याचं वर्ष वाया जाईल आणि घरात खायला राहणार नाही. मग आधी दुसऱ्यानं करून बघू दे, असं प्रत्येकाला वाटणारच. आज्जानं हे सांगितल्यावर माझं हसू गेलं.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना नावं ठेवली नाहीत. त्यांनी नांगर करणंही सोडलं नाही. ते धीर धरून राहिले. हळूहळू काही शेतकऱ्यांनी धाडस करून नांगर घेतले. त्यांच्या रानातलं तण गेलं, पीक चांगलं आलं. ते शेजाऱ्यानं बांधावरून बघितलं. एका रानावरून दुसऱ्या रानावर अशी बातमी गेली आणि मागणी वाढू लागली. दुकानातल्या पाटीनं जे काम झालं नाही ते नांगरलेल्या रानानं केलं.

इथं मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या आज्जीची बोटं मक्याचे दाणे सोलून सोलून दुखतात. म्हणून मी एक वीतभर पाइपचा तुकडा घेऊन, गावातल्या वेल्डिंगवाल्या काकांकडून त्याच्या आत चार दाते लावून घेतले. कणीस त्यात घालून पिरगाळलं की दाणे खाली पडतात. माझ्या हातात ते छान चालायचं. पण आज्जीनं एकदा वापरलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं. मला फार राग आला. लक्ष्मणरावांचं चरित्र वाचल्यावर मी पहिल्यांदा आज्जीला जाऊन विचारलं की का वापरत नाहीस. ती म्हणाली की पाइपची कड हाताला कापते. आणि ती खरंच कापत होती. माझ्या हाताला कळलं नव्हतं, कारण मी दोन कणसं सोलली की खेळायला जायचो. आज्जी पाटीभर सोलते.

बेळगाव सोडावं लागलं

नांगर खपू लागले, कारखाना जरा मार्गी लागला, तोच नवीन संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याच्या जागी नवी वसाहत करायची होती. तिनं जागा सोडायला सांगितली. आता भट्टी, यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठं?

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. ते स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे म्हणूनही त्यांचं नाव आहे. लक्ष्मणरावांची आणि त्यांची ओळख होती. त्यांनी आपल्या संस्थानात कारखान्याला जागा देऊ केली. कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. त्या काळचे दहा हजार म्हणजे केवढे तरी पैसे! राजेसाहेबांनी हे पैसे राजवाड्याला रंग द्यायला वापरले नाहीत, एका कारागिराला दिले, हे मला फार आवडलं.

जमीन मिळाली, पण कशी? सगळं माळरान. जिकडं तिकडं निवडुंग आणि त्यात साप. प्यायच्या पाण्याची पंचाईत. १९१० सालच्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपली माणसं घेऊन तिथं आले. निवडुंग तोडला, पत्र्याच्या शेड उभ्या केल्या, भट्टी पेटवली. बायकामुलंही त्याच माळावर राहायला आली. राधाबाईंनी आणि इतर बायकांनी त्या रानात संसार मांडले, हे विसरून चालणार नाही. त्या वस्तीला नाव पडलं किर्लोस्करवाडी. पुढं स्टेशनाचं नावही कुंडल रोड जाऊन किर्लोस्करवाडी झालं. हे गाव आता सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे.

वाडीतली माणसं

लक्ष्मणरावांना यंत्राची जशी पारख होती तशी माणसाचीही होती. रामूअण्णा वाडीची सगळी व्यवस्था बघत. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. शंभोराव जांभेकर कुठलंही यंत्र हाताळणारे कुशल कारागीर होते. अनंतराव फळणीकर यांची तर शाळासुद्धा पुरी झालेली नव्हती, पण कल्पना लढवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लक्ष्मणरावांनी त्यांचं प्रमाणपत्र बघितलं नाही, काम बघितलं. अनंतराव पुढं चांगले इंजिनिअर बनले.

आणखी एक गोष्ट ऐका. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीवर ठेवलं. लोकांना भीती वाटली असेल. पण त्या दोघांनी त्यांचा विश्वास कधी मोडला नाही. वाडीत शिवाशीव पाळायची नाही असाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. शंभर वर्षांपूर्वी हे सोपं नव्हतं. ते देवधर्माच्या कर्मकांडात पडत नसत, पण माणसाला माणूस म्हणून वागवायचे.

वाडी नुसता कारखाना नव्हता. तिथं कामगारांसाठी घरं झाली, मुलांसाठी शाळा झाली. १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी तिथूनच एक मासिक सुरू केलं. आधी त्याचं नाव किर्लोस्कर खबर असं होतं. पुढं किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही तीन मासिकं महाराष्ट्रात घरोघर गेली. आमची आज्जी सांगते की तिच्या माहेरी स्त्री मासिक यायचं आणि सगळ्या गल्लीत फिरायचं.

तोफांचे नांगर झाले

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. विलायतेहून येणारे नांगर यायचे बंद झाले, त्यामुळं किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण लोखंड आणि भट्टीचा कोळसाही मिळेनासा झाला. मागणी आहे पण माल करता येत नाही, अशी गंमत झाली. मग लाकडी कोळशावर भट्टी चालवायचे प्रयत्न झाले, मोडीचं लोखंड गोळा केलं. तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर केले. मित्रांनो, नुसतं डोळ्यांपुढं आणा. ज्या लोखंडानं माणसं मारली त्याच लोखंडानं पुढं रानं नांगरली! या सगळ्या चरित्रात मला हाच प्रसंग सगळ्यांत जास्त आवडला.

युद्ध संपल्यावर १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड अशी रीतसर कंपनी झाली. नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप अशा शेतकऱ्याच्या कामाच्या वस्तू तिथं होऊ लागल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेला जाऊन यंत्रविद्या शिकले आणि १९२६ साली पदवी घेऊन आले. वडलांनी नोकरी संपल्यावर कर्मशाळेत थांबून जे मिळवलं ते मुलानं शाळेत बसून मिळवलं. दोन्ही रस्ते एकाच कारखान्यात आले. शंतनुरावांनी पुढं हा उद्योग खूप वाढवला. १९४१ साली हरिहरला आणि १९४६ साली पुणे व बंगळूर इथं नवे कारखाने निघाले.

शेवटची वर्षं

म्हातारपणीही लक्ष्मणरावांना सुख लागलं असं नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. ज्या माळावर निवडुंग तोडून सगळं उभं केलं होतं तिथं राख झाली. तेव्हा लक्ष्मणरावांचं वय ७८ वर्षांचं होतं. पण कारखाना परत उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली, त्यांच्या जन्माला १०० वर्षं झाली तेव्हा, भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

मला काय वाटलं

बाईंनी सांगितलंय की चरित्राच्या शेवटी बोध लिहायचा. मला जे वाटलं ते लिहितो.

नाद पुष्कळांना असतो. कुणी रेडिओ खोलतं, कुणी चाकाची गाडी करतं, कुणी पंखा खोलून तीन स्क्रू हातात घेऊन बसतं. तो नाद आपल्या मजेसाठी असतो. लक्ष्मणरावांनी त्याच्यापुढं तीन गोष्टी केल्या. एक म्हणजे, ते चित्र काढायला आणि माप घ्यायला नीट शिकले. दुसरी म्हणजे, आपल्याला काय आवडतं एवढंच न बघता शेतकऱ्याला काय अडतं ते त्यांनी बघितलं. तिसरी म्हणजे, वस्तू कुणी घेतली नाही तरी ते रुसले नाहीत आणि थांबलेही नाहीत. आपल्या हातात चालतं ते खेळणं, दुसऱ्याच्या हातात दिवसभर चालतं ते यंत्र, असं मला वाटतं.

आणि हेही खरं की त्यांनी सगळं एकट्यानं केलं नाही. भावानं खर्च उचलला, राजानं जमीन दिली, राधाबाईंनी माळावर संसार केला, कारागिरांनी हात दिला, आणि पहिल्यांदा नांगर घेणाऱ्या शेतकऱ्यांनी आपलं वर्ष पणाला लावलं. ते नसते तर नांगर दुकानातच गंजला असता. आपल्या वर्गातसुद्धा कुणाचा तरी हात चालत असेल. त्याला हसण्यापेक्षा त्याची वस्तू एकदा वापरून बघूया.

आता तात्यांसाठी. तात्या, मी पंखा खोलला ते चुकलं नाही, पण खोलण्याआधी चित्र काढलं नाही ते चुकलं. गेल्या आठवड्यात मी तो परत खोलला. ह्या वेळी वहीत तीन बाजूंनी चित्र काढलं, प्रत्येक स्क्रू कुठला ते लिहून ठेवलं. माप घेताना दशांश अपूर्णांक लागले, म्हणून गणिताचं पुस्तकही उघडलं, ते तुम्ही बघितलंच नाही. आता एकही स्क्रू उरलेला नाही. पंखा अजून फिरत नाही, कारण आतली तार जळली आहे असं वेल्डिंगवाले काका म्हणतात. ती कशी भरायची ते ते मला रविवारी दाखवणार आहेत. तुम्ही जाऊ दिलंत तर.

आज्जीच्या पाइपची कड मी कानशीनं घासली आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवला. काल तिनं पाटीभर कणसं सोलली आणि ते परत कोनाड्यात ठेवलं नाही. चुलीजवळ ठेवलंय, हाताशी.

जाता जाता आमच्या गोठ्यामागचा नांगर बघायला या. मी तो घासून ठेवलाय. कोंबडीला मात्र आता दुसरी जागा शोधावी लागणार आहे.

— इयत्ता सातवी